कागद भरलेला, तरी संगणक म्हणतो ‘कागद नाही’: पॅरलल पोर्टच्या पाच तारा वाचून दोष शोधणे

तालुक्याच्या गावातली पतसंस्था. काउंटरवर ऐंशी कॉलमचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, शेजारी जुना संगणक, त्यात १९९०च्या दशकात क्लिपर या डॉसवरच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं सॉफ्टवेअर. सकाळी पासबुकं छापायची, दुपारी पिग्मी एजंट आले की त्यांच्या जमेच्या याद्या, आणि शेवटी रोजकीर्द. जवळजवळ रोज याद्यांच्या वेळी पडद्यावर एकच ओळ यायची: ‘प्रिंटरमध्ये कागद नाही’. कागद तर नुकताच भरलेला असायचा. सगळं बंद करून पुन्हा चालू केलं की कधी चालायचं, कधी नाही.

मी जाईपर्यंत बरंच काही करून झालं होतं. कागदाचा सेन्सर साफ केला होता. सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं होतं. दुसऱ्या शाखेतला प्रिंटर आणून लावला, तर दोन दिवसांनी त्यावरही तेच. मग सगळ्यांनी ठरवलं की दोष सॉफ्टवेअरचाच. कुणीतरी प्रिंटरला ‘एस्केप ८’ ही आज्ञाही पाठवून ठेवली होती. या आज्ञेने प्रिंटर स्वतःच्या कागद-सेन्सरकडे दुर्लक्ष करतो. हा उपाय कुणी करू नये, असं मी कळकळीने सांगतो. कागद खरंच संपला तर पिना थेट रोलरवर आपटत राहतात आणि हेड जातं. शिवाय इथे त्याचा उपयोगही झाला नाही, आणि का झाला नाही ते समजलं की दोष अर्धा सापडल्यातच जमा आहे.

फोनवर काउंटरच्या ताई जे म्हणाल्या त्यातच उत्तर होतं: “दादा, प्रिंटरवरचा कागदाचा दिवा तर लागतच नाही. मग ह्या पीसीला कुणी सांगितलं कागद संपला म्हणून?”

कुणी सांगितलं? प्रिंटरने नव्हे. तारेने.

संगणकाला नेमकं काय दिसतं

संगणक आणि प्रिंटर यांच्यातली ही जोडणी, म्हणजेच पॅरलल पोर्ट, सेंट्रॉनिक्स या अमेरिकन कंपनीने १९७०च्या सुमारास आपल्या प्रिंटरसाठी काढली. १९८१ मध्ये आयबीएमने आपल्या पीसीवर तीच घेतली, फक्त संगणकाच्या बाजूला ३६ पिनांऐवजी २५ पिनांचा कनेक्टर ठेवला. आठ तारांवरून अक्षर जातं, काही तारा संगणकाच्या हुकमाच्या, आणि पाच तारा प्रिंटरकडून संगणकाकडे येणाऱ्या. प्रिंटरची सगळी खबरबात या पाच तारांवर. कुठलाही मजकूर येत नाही, क्रमांक येत नाही. प्रत्येक तार एकतर वर, म्हणजे पाच व्होल्टच्या बाजूला, नाहीतर खाली, म्हणजे शून्याजवळ. बस.

२५ पिनांच्या बाजूने पाहिलं तर दहावी पिन ‘ॲक्नॉलेज’ची. अक्षर घेतलं की प्रिंटर तिच्यावर क्षणभर खाली टिचकी मारतो. अकरावी ‘बिझी’: थांब, आत्ता घेऊ शकत नाही. बारावी ‘पेपर एंड’: वर गेली की कागद संपला. तेरावी ‘सिलेक्ट’: मी चालू आहे, ऐकतोय. पंधरावी ‘एरर’, ती उलटी चालते. सगळं ठीक असेल तर वर, बिघाड असेल तर खाली.

यातली मेख अशी की उघडी पडलेली, कुठेच न जोडलेली तार संगणकाच्या आतल्या चिपला बहुधा ‘वर’ अशीच वाचली जाते. आणि बारावी तार वर म्हणजे ‘कागद संपला’. म्हणून केबल निघालेली असली, मधली एखादी तार तुटलेली असली, तरी संगणक कागदाचीच तक्रार करतो. खोटं बोलत नाही बिचारा, त्याला तेवढंच कळतं.

लिनक्स वापरणाऱ्यांनी एक जुना संदेश पाहिला असेल: ‘एलपी० ऑन फायर’. प्रिंटर पेटल्याचं त्याला कळलेलं नसतं. ‘एरर’ची तार बिघाड म्हणतेय, पण कागद आहे आणि प्रिंटर ऐकतोयही, असं दिसलं की ड्रायव्हरकडे दुसरं नाव शिल्लक राहत नाही. पाच तारांमध्ये एवढंच मावतं. म्हणून पडद्यावरच्या वाक्यावर जाऊ नका, वाक्य सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचं असतं. तारा काय म्हणतात ते स्वतः वाचा.

तारा वाचण्याची रीत

डॉस किंवा विंडोज ९८ च्या डॉस मोडमध्ये यासाठी काहीही विकत घ्यावं लागत नाही. एक्सपी आणि त्यानंतरच्या विंडोजमध्ये प्रोग्राम आणि पोर्ट यांच्या मध्ये विंडोज उभं असतं, म्हणून शक्य असेल तर डॉसच्या फ्लॉपीवरून संगणक चालू करा.

डॉससोबतच येणाऱ्या ‘डीबग’ या प्रोग्रामचं नाव इंग्रजीत लिहून एंटर मारा; पुढच्या आज्ञाही इंग्रजी अक्षरांतच. नुसती आडवी रेघ येईल. तिथे आधी ‘डी ४०:८’ द्या. बायोसने, म्हणजे संगणक चालू होताना आधी धावणाऱ्या मूळ प्रोग्रामने, पॅरलल पोर्टचे पत्ते तिथे लिहून ठेवलेले असतात. पहिले दोन आकडे ‘७८ ०३’ असे दिसले तर उलटे वाचा: ३७८. हा एलपीटी१चा, म्हणजे पहिल्या पॅरलल पोर्टचा, नेहमीचा पत्ता. काही ठिकाणी २७८ किंवा ३बीसी असतो. सगळे आकडे हेक्समधले, म्हणजे सोळाच्या पायावरचे; नऊच्या पुढचे अंक ए ते एफ या अक्षरांनी लिहितात. डेटा ३७८ वर, स्थिती त्याच्या पुढच्या घरात, ३७९ वर. मग ‘आय ३७९’ द्या. दोन अंकी उत्तर येईल. तेच सगळं.

हा आठ बिटांचा आकडा. डावीकडून पहिले पाच बिट म्हणजे आपल्या पाच तारा, याच क्रमाने: बिझी, ॲक्नॉलेज, पेपर एंड, सिलेक्ट, एरर. यातला फक्त बिझी उलटा पोचतो. पोर्टच्या आतच तो पालटला जातो, म्हणून पहिला बिट १ असेल तर प्रिंटर मोकळा. शेवटचे तीन बिट आपल्या कामाचे नाहीत, आणि प्रत्येक पोर्टवर ते वेगळे येऊ शकतात. त्यामुळे एकाकडे डीएफ, दुसऱ्याकडे डीई, तिसऱ्याकडे डी८ आला तर तिघांचं उत्तर एकच धरा.

प्रिंटर चालू, कागद भरलेला, काही छापत नाहीये: डीएफ. बिटांत ११०११ आणि पुढे काहीही. हा निरोगी आकडा. प्रत्येक जागी पहिल्याच दिवशी तो लिहून ठेवा. मी प्रिंटरच्या पाठीमागे कागदाची पट्टी चिकटवून त्यावर लिहितो.

कागद खरोखर संपला: ७७. प्रिंटर बिझी झाला, पेपर एंड वर गेली आणि एरर खाली आली. तीन तारा एकदम हलल्या, हे लक्षात ठेवा, पुढे हेच कामी येणार आहे.

ऑनलाइनचं बटण दाबून ऑफलाइन केला: बऱ्याच डॉट मॅट्रिक्सवर ५७. इथे सिलेक्ट खाली जाईल अशी अपेक्षा असते, पण कितीतरी प्रिंटरांत ती तार आतल्या आत रेझिस्टरमधून पाच व्होल्टला बांधलेली असते. प्रिंटरला वीज आहे तोवर ती वरच. त्यामुळे निव्वळ सिलेक्ट पाहून ‘ऑनलाइन’ म्हणणारं सॉफ्टवेअर अशा प्रिंटरवर फसतं.

केबल जोडलेली, पण प्रिंटरचं बटण बंद: बहुतेक वेळा ८७. बंद प्रिंटरच्या चिपा तारा खाली ओढून धरतात.

केबलच नाही: ७एफ. सगळ्या तारा उघड्या, म्हणून सगळ्या वर. बिझी पालटून शून्य. दोन संगणकांत एक प्रिंटर वाटणारी फिरवायची खोकी अजून बऱ्याच कार्यालयांत आहेत. बटण दुसऱ्या बाजूला राहिलं तर नेमका हाच आकडा मिळतो, आणि सॉफ्टवेअर म्हणतं ‘कागद नाही’. अशा तक्रारीवर मी पहिलं खोक्याचं बटण पाहतो, सेन्सर नंतर.

सॉफ्टवेअर जर पोर्ट थेट न वाचता बायोसच्या इंटरप्ट १७ (हेक्स) या प्रिंटरच्या सेवेमार्फत स्थिती विचारत असेल तर त्याला हे आकडे थोडे बदलून मिळतात. बायोस ॲक्नॉलेज आणि एरर हे दोन बिट पालटतो आणि खालचे बिट पुसून टाकतो. डीएफचा होतो ९०, म्हणजे दशमानात १४४. जुन्या प्रोग्रामांत ‘१४४ आला तरच छाप’ अशी अट सर्रास दिसते, ती इथून आली. बंद प्रिंटरचा ८७ तिथे सी८ म्हणजे २०० होतो.

पतसंस्थेत मिळालेला आकडा

दुपारी तीनला गेलो. याद्यांची वेळ. ताईंनी पासबुकाची सोय काढून घडीचा कागद लावला, दाते छिद्रांत बसवले, प्रिंटर ढकलून जागेवर ठेवला. संदेश आला. मी कशालाही हात न लावता संगणक डॉसवर घेतला आणि वाचलं.

एफएफ.

यादीत हा आकडाच नाही. बिट उलगडले: १११११. प्रिंटर मोकळा आहे, सिलेक्ट आहे, बिघाड काही नाही, आणि कागद संपलाय. हे चारही एकाच वेळी खरं असू शकत नाही. कागद संपला की डॉट मॅट्रिक्स बिझी होतो आणि एरर खाली ओढतो, म्हणून तर ७७ येतो. इथे एकटी बारावी तार वेगळं बोलत होती, बाकी चौघी सगळं ठीक म्हणत होत्या. प्रिंटरने काही सांगितलेलंच नव्हतं. मग ‘एस्केप ८’चा उपयोग कसा होणार? प्रिंटरची तक्रारच नव्हती, ती बंद कशी करणार?

एफएफ दिसला की आणखी एक शक्यता तपासावी लागते. त्या पत्त्यावर पोर्टच नसेल तरी बहुधा एफएफच वाचला जातो. म्हणून ‘ओ ३७८ ५५’ देऊन ५५ हा आकडा डेटाच्या घरात टाकला आणि ‘आय ३७८’ने परत वाचला. ५५ आला. मग ‘एए’ टाकून पाहिलं, तोही आला. पोर्ट जिवंत होता.

दोन्ही यंत्रं बंद करून केबल काढली. (चालू असताना कधीही काढू-घालू नका. संगणक आणि प्रिंटर वेगवेगळ्या सॉकेटवर असतील आणि एकाचं अर्थिंग धड नसेल तर जोडतानाच पोर्टची चिप जाते. दोघांना एकाच बोर्डावर, तीन पिनांच्या धड अर्थिंगवर घ्या.) मल्टीमीटर बझरवर ठेवून दोन्ही टोकं तपासली. दहा, अकरा, बारा आणि तेरा या पिना दोन्हीकडे त्याच क्रमांकाच्या असतात. पंधरावी मात्र ३६ पिनांच्या कनेक्टरमध्ये बत्तिसाव्या जागी जाते, सोळावी एकतिसाव्या आणि सतरावी छत्तिसाव्या. हे माहीत नसलं तर चांगली केबल वाईट ठरते. बारावीला बझर वाजला. केबल सरळ होती. मग प्रिंटरकडचं टोक हातात धरून जरा पुढे ओढलं, तसा आवाज थांबला. सोडलं, पुन्हा वाजला.

ही केबल स्थानिक दुकानात जोडलेली होती, त्यामुळे कनेक्टरचं टोपण स्क्रूचं होतं. उघडून पाहिलं तर केबल धरून ठेवणारी पट्टी कसलेलीच नाही. सगळा ताण थेट सोल्डरवर. बारावी तार पिनेवरून सुटून नुसती टेकलेली, टोकाशी सोल्डरचा काळपट, सुकलेला थेंब. बोटाने हलवली की अर्धा मिलिमीटर हटायची.

दुपारचं कोडंही मग सुटलं. कागद बदलण्यासाठी प्रिंटर टेबलाच्या कडेपर्यंत पुढे ओढावा लागायचा आणि मागची आखूड केबल ताणली जायची. म्हणजे नेमका कागद बदलला की ‘कागद नाही’. कुणालाही कागदाचाच संशय येईल असा योग. बंद-चालू करण्याच्या गडबडीत प्रिंटर हलला की तार परत टेकायची. आणि दुसऱ्या शाखेचा प्रिंटर आणला तेव्हा केबल हीच होती. प्रिंटर बदलून पाहायचा असेल तर केबलही बदला, नाहीतर त्या चाचणीवरून काहीच ठरत नाही.

जुना सोल्डर काढला, तार नव्याने छिलून लावली, पट्टी कसली. आधी डीएफ मिळाला. मग मुद्दाम कागद काढला: प्रिंटरवरचा दिवा लागला आणि आकडा ७७. ही दुसरी चाचणी टाळू नका. बारावी तार तांब्याच्या एखाद्या सुट्या केसाने शेजारच्या जमिनीच्या (ग्राउंडच्या) तारेला चिकटली तर कागद असताना डीएफच दिसेल, पण कागद संपल्यावर ७७ऐवजी ५७ येईल आणि कागद संपल्याचं संगणकाला कधीच कळणार नाही. तार दोन्ही बाजूंना हलते हे पाहिल्याशिवाय टोपण लावायचं नाही. केबलला टेबलाच्या पायाशी एक सैल वळसा देऊन क्लिपने बांधली, आता प्रिंटर पुढे आला तरी ताण येत नाही. साच्यात ओतलेल्या बंद टोपणाची केबल असती तर सरळ नवी घेतली असती. साध्या केबलची लांबी तीन मीटरच्या आत ठेवा. आयईईई १२८४ (पॅरलल पोर्टचं मानक) असं छापलेली केबल दहा मीटरपर्यंत चालते, कारण तिच्यात प्रत्येक सिग्नलच्या तारेसोबत तिची स्वतःची जमिनीची तार पिळलेली असते.

‘प्रिंटर तयार नाही’ असा संदेश मध्येच येत असेल तर

ही तक्रार वेगळी. मोठी रोजकीर्द अर्ध्यावर थांबते, संदेश येतो, ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हटलं की पुढची पानं सुरळीत छापली जातात. तेव्हा वाचलेला आकडा ५एफ असेल तर बिघाड कशातही नाही. फक्त बिझी वर आहे, कागद आहे, एरर नाही. प्रिंटरची आतली स्मृती भरली, हेड ओळ मारतंय, थोडं थांबा, इतकंच तो म्हणतोय. संगणक सेकंदाला हजारो अक्षरं ढकलू शकतो, हेडला एक ओळ मारायलाच अर्धा-पाऊण सेकंद लागतो. घाईतलं सॉफ्टवेअर एकदाच विचारतं आणि बिझी दिसला की हात वर करतं. डॉसमध्ये ‘मोड एलपीटी१ रीट्राय=पी’ दिलं की प्रिंटर घेईपर्यंत डॉस प्रयत्न करत राहतं. प्रोग्रामचा सोर्स हाताशी असेल तर त्यात बिझी आणि एरर वेगळे करा. नुसता बिझी असेल तर काही सेकंद वाट पाहा, एररची तार खाली असेल तरच माणसाला हाक मारा.

ॲक्नॉलेजकडे पाहून काही कळेल अशी आशा ठेवू नका. ती टिचकी साधारण दहा मायक्रोसेकंदांची, डीबगने वाचण्याआधीच संपलेली. तो बिट नेहमी १ दिसला पाहिजे. सतत शून्य दिसला तर प्रिंटर बंद आहे किंवा ती तार कुठेतरी जमिनीला टेकलीय.

नव्या संगणकावर जुना प्रिंटर

पॅरलल पोर्टचं पीसीआय कार्ड टाकलं की पोर्ट मिळतो, पण त्याचा पत्ता सहसा ३७८ नसतो, चार अंकी काहीतरी असतो. जुना प्रोग्राम ३७९ वर जाऊन वाचतो, तिथे कुणीच नसतं, एफएफ मिळतो आणि पुन्हा तोच संदेश: कागद नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचा पत्ता पाहा. प्रोग्राममध्ये पत्ता बदलायची सोय नसेल तर केबलवर वेळ घालवू नका.

यूएसबीची एक बाजू आणि ३६ पिनांची दुसरी अशी केबल घेतली तर गोष्ट आणखी निराळी. विंडोजला तो एलपीटी पोर्ट दिसतच नाही, यूएसबी प्रिंटर दिसतो. यूएसबीच्या प्रिंटर-नियमांत स्थिती सांगणारा एक बाइट आहे आणि त्यात पेपर एंड, सिलेक्ट आणि एरर याच जुन्या जागांवर बसवलेले आहेत, पाचव्या, चौथ्या आणि तिसऱ्या बिटावर. पण ज्याला खरी स्थिती ठरवता येत नाही त्याने १८ (हेक्स) हा आकडा द्यावा, म्हणजे कागद आहे, सिलेक्ट आहे, बिघाड नाही, असंही तिथेच लिहिलंय. त्यामुळे स्वस्त रूपांतर-केबलवर कागद संपला तरी संगणक ‘सगळं ठीक’ म्हणत राहू शकतो. केबल घेतल्या दिवशीच कागद काढून एक पान छापायला पाठवा, विंडोज काही म्हणतं का ते बघा. गप्प राहिलं तर काउंटरवर बसणाऱ्यांना सांगून ठेवा की या टेबलावर कागदाची खबर फक्त प्रिंटरवरचा दिवा देणार आहे.